फाळाच्या खोलीपर्यंत

"किती खोल जातं हो हे?" माझ्या हातात मेटल डिटेक्टर दिसला की पुण्याहून आलेला पाहुणा असो की इथला सफोकमधला शेजारी, पहिला प्रश्न हाच. नवं मशीन घेणारेही हेच विचारून घेतात आणि शेतात उतरल्या उतरल्या सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत चढवून ठेवतात. त्याने खोली फारशी वाढत नाही, कलकलाट मात्र वाढतो.

याचं कारण गणितात आहे. कॉइल जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. नाण्यापर्यंत पोचेतो ते अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होतं, आणि नाण्याकडून उलट येणारं उत्तरही वाटेत तसंच विरतं. म्हणजे खोलवरच्या लहानशा नाण्याचं अंतर दुप्पट झालं, की त्याचा आवाज ६४ पटींनी घटतो. उलटीकडून पाहा : मशीनची ताकद दुप्पट केली तरी पदरात पडते ती जेमतेम १२ टक्के खोली. २० सेंटीमीटरचे २२ होतात, एवढंच. आणि गव्हाच्या धसकटांमुळे कॉइल ५ सेंटीमीटर वर धरावी लागली, तर ते ५ सेंटीमीटर सरळ हातचे गेले!

म्हणून शेतकऱ्याची परवानगी हातात असली तरी मी धसकटांच्या शेतात जायची घाई करत नाही. नांगरून, कुळवून, वर रोलर फिरलेलं आणि एखाद्या पावसाने बसलेलं रान मिळेतो थांबते. तिथे कॉइल मातीला जवळजवळ टेकवून नेता येते. फेऱ्याच्या दोन्ही टोकांना हात नकळत वर उचलला जातो. तो खाली ठेवण्याची सवय हीच माझ्या मते या छंदातली खरी तालीम. पाऊल इतकं छोटं टाकायचं की पुढच्या फेऱ्याने मागचा निम्मा झाकला जावा. महागडी, मोठी कॉइल घेण्याआधी एवढं करून पाहावं.

मग ग्राउंड बॅलन्स. धातू नसलेली जागा पाहून कॉइल खालीवर करायची आणि मातीचा स्वतःचा आवाज दबेपर्यंत मशीन जुळवायचं. माती बदलली की पुन्हा. सफोकची माती या बाबतीत सोशीक आहे. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, तिथे जमीनच बोलत राहते आणि खोली झपाट्याने घटते. अर्थात गावी जाताना मी मशीन नेतच नाही. १० रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला लावणारा १८७८ चा कायदा आपल्याकडे आहे, संरक्षित स्मारकांच्या जागी तर विनापरवाना खणताच येत नाही. आणि ते योग्यच आहे.

इंग्लंडच्या शेतांत खरी अडचण खिळ्यांची. लोखंड गाळण्याची सोय चालू ठेवली, तर खिळ्याबरोबर शेजारचं नाणंही गप्प होतं. मी ती बंद ठेवते, हेडफोन लावते आणि सगळं ऐकून घेते. मागच्या हिवाळ्यात एका बांधालगत लोखंडाची घरघर चालली होती, तिच्या कडेला एक बारीक, तुटका उंच सूर. फेरा आणखी संथ केला. मग जागेवरच काटकोनात वळून ऐकलं. या बाजूने सूर स्वच्छ उमटला. वीतभरही खणावं लागलं नाही. आधी हाती आला तो ठोकून घडवलेला, चौकोनी अंगाचा खिळा. त्याच ढेकळात चांदीच्या पेनीचा अर्धा तुकडा उभा रुतलेला होता. गोल अर्धा पेनी तेराव्या शतकाच्या शेवटी सर्रास पाडला जाऊ लागला. त्याआधी पेनीच कातरून दोन करत. माझ्या तुकड्याची सरळ कड मागच्या बाजूच्या क्रुसाच्या भुजेला धरून कापलेली होती, कातरीचा वळही दिसत होता. हे नाणं खोल नव्हतंच, खिळ्याआड होतं. अनेकांनी 'संपलं' म्हणून सोडलेल्या शेतांत असंच बरंच काही शिल्लक असतं.

आणि एका मर्यादेखाली जाऊच नये, असं मला मनापासून वाटतं. नांगराचा फाळ पोचतो तिथवरची माती पिढ्यान्‌पिढ्या उलथलेली असते. त्यातली वस्तू काढली, जागा नेमकी नोंदवली, तर फारसं काही हरवत नाही. त्याखाली मात्र वस्तू ठेवल्या जागी असतात. १९९२ मध्ये इथल्याच हॉक्सन गावाजवळ एरिक लॉज शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. लागला तो रोमन खजिना, सुमारे १५,००० नाणी आणि सोन्याचांदीच्या वस्तू. काही वस्तू बाहेर येताच त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. बाकीचं पुरातत्त्वज्ञांनी जागेवरच उकललं. त्यामुळेच कळलं की सगळं एका लाकडी पेटीत होतं, पेटीत आणखी लहान पेट्या होत्या, आणि कोणती वस्तू कशाशेजारी ठेवली होती.