गियर केव्हा बदलावा

मोटारसायकलचा गियर कसा बदलावा हे कोणीही पाच मिनिटांत शिकवील. तो केव्हा बदलावा हे सांगणारा माणूस मला उभ्या आयुष्यात एकच भेटला. ते म्हणजे आमचे अण्णा.

मद्रासला बुलेट तयार होऊ लागली १९५५ साली. आमच्या घरी ती आली १९६६ मध्ये, अर्थात दुसऱ्या हातची. कारकुनाच्या पगारात तेवढेच परवडण्यासारखे होते. तिचा गियर उजव्या पायाखाली : पहिला वर, बाकीचे तीन खाली. शेजारी टाचेने दाबायचा एक छोटा दांडा. तो दाबला की गाडी एकदम न्यूट्रल. या दांड्याने पुढे माझी अब्रू घेतली, म्हणून त्याची ओळख आधीच करून देतो.

१९६८ साली अण्णांनी मला पहाटे पर्वतीकडच्या रस्त्यावर शिकवायला नेले. मी विचारले, ''अण्णा, दुसरा कितीला टाकायचा? वीसला की पंचविसाला?'' अण्णांनी खिशातला रुमाल काढला, वेगाच्या काट्यावर पसरला आणि दिव्याभोवती गाठ मारली. म्हणाले, ''आता चालव. गाडी ओरडायला लागली की वरचा, कण्हायला लागली की खालचा. आणि शहाणा असशील तर तिला ओरडू देणार नाहीस, कण्हूही देणार नाहीस.''

पहिले दोन नियम मला आठवड्यात आले. तिसऱ्याला वेळ लागला.

१९७० च्या श्रावणात आम्ही नवराबायको वाईला मंगळागौरीला निघालो. लग्नाला तीन महिने झालेले. कात्रजचा घाट टॉपवर चढून दाखवायचा, असा मनाशी बेत होता. पहिल्या वळणावर गाडी कुरकुरली, मी कान बंद केले. दुसऱ्या वळणावर इंजिन धाडधाड ठोकू लागले. तिसरा टाकावा तर आता तोही पुरणार नव्हता. घाबरून क्लच दाबला, आणि टाच नेमकी त्या छोट्या दांड्यावर पडली. न्यूट्रल झालेली बुलेट आम्हां दोघांसह मागे घसरू लागली. हातापायांनी मिळतील तेवढे ब्रेक आवळले. वळून पाहतो तो मालट्रकचे नाक दोन हातांवर. त्या ड्रायव्हरने वेळीच ट्रक थोपवला नसता तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो.

''अहो,'' मागून आवाज आला, ''चालतच जाऊ या का?''

घरी परतल्यावर मी कार्ब्युरेटरमध्ये कचरा आल्याचे ठोकून दिले. अण्णांनी एवढेच विचारले, ''कितव्या गियरात होतास?''

मग त्यांनी समजावले. चढावर चाल मंदावली की इंजिनाचे फेरे कमी होतात. फेरे कमी झाले की जोर घटतो. जोर घटला की चाल आणखी मंदावते. ''सावकाराच्या व्याजासारखं आहे हे. अंगात जोर आहे तोवर खालचा टाकावा. खालचा टाकण्यात कसला आलाय कमीपणा?'' आणि ज्या गियरात घाट चढावा त्याच गियरात उतरावा, म्हणजे इंजिनच गाडी आवरून धरते, ब्रेक तापत नाहीत, हेही त्याच वेळी सांगितले.

१९८४ साली एका संध्याकाळी अण्णा मंडईतून आले आणि किल्ली माझ्यापुढे ठेवून म्हणाले, ''उद्यापासून गाडी तुझी.'' त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. मी म्हटले, ''पण अण्णा, अजून कुठे काय झालंय?''

''म्हणूनच,'' अण्णा म्हणाले.

त्यानंतर एकदा त्यांना मागे बसवून वाईला नेले. घाटात माझ्या खांद्यावर हलकेच थाप पडे. मी गियर बदलायच्या क्षणभर आधी, प्रत्येक वळणावर. इंजिनाचा आवाज तर त्यांना ऐकू येत नव्हता! वर पोचल्यावर मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारले. ''तळपायाला कळतं,'' ते म्हणाले.

ती बुलेट अजून माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात कात्रजच्या जुन्या घाटात तिसऱ्याचा दुसरा करायला मला अंमळ उशीर झाला. गाडी एकदाच कण्हली. मागे नात बसली होती; तिला काही कळले नाही. मला कळले.

येत्या पाडव्याला किल्ली तिच्या हातात द्यायची, असे ठरवले आहे. तिला डाव्या पायाच्या गियरची सवय. हा उजव्या पायाचा शिकवावा लागेल. रुमाल धुऊन ठेवला आहे.