तारीख बदलता येत नाही

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हौसेने घरच्यांसाठी चार तिकिटं काढली आणि मग आठ दिवस घरात कोणाशी धड बोललो नाही. ती हकीकत आधी सांगतो.

मी सहावीत या शाळेत आलो. तेव्हापासून बाबा आणि मी एकाच वेळी घरी असणं म्हणजे वर्षातून फार तर पंधरा दिवस. त्यांची सुट्टी युनिटच्या हिशेबाने, माझी शाळेच्या हिशेबाने. त्या दोन्ही जुळल्या की आज्जी गावच्या देवळात नारळ फोडते. यंदा त्या जुळत होत्या. बाबा २० मेला येणार होते. माझी धाकटी बहीण तिसरीत आहे. तिला एका मोठ्या थीम पार्कमध्ये न्यायचं बाबांनी दोन वर्षांपूर्वी कबूल केलं होतं. मी म्हटलं, तिकिटांचं मी बघतो. चुलतभावाच्या मोबाइलवरून २४ मेची चार तिकिटं काढली. तारीख टाकून आधीच काढली तर स्वस्त पडत होती. शेवटी एक चौकोन आला, ‘अटी मान्य आहेत’. मी टिक केली. वाचलं एक अक्षर नाही.

१७ मेला रात्री बाबांचा फोन आला. त्यांच्या जागी येणारा माणूस अजून पोचला नव्हता. सुट्टी आठ दिवस पुढे गेली होती. आई एवढंच म्हणाली, “बरं, जपून या.” तिला याची सवय आहे. मला अजून झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी पार्कच्या मदत क्रमांकावर फोन लावत होतो. दुपारी लागला. पलीकडच्या ताई अगदी नीट बोलल्या. तारीख बदलता येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, माझे बाबा सैन्यात आहेत, त्यांची सुट्टी पुढे गेली आहे. त्या थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, सिस्टीममध्ये तसा पर्यायच नाही.” मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी ‘सर’ म्हणालं, तेही नाही म्हणण्यासाठी.

२४ मेला आई, बहीण आणि मी असे तिघं गेलो. चौथ्या तिकिटावर चुलतभाऊ आला असता, पण बहीण म्हणाली, “ते बाबांचं आहे.” मग कोणी काही बोललं नाही. पाळणे चांगले होते, पाण्यातल्या घसरगुंड्याही चांगल्या होत्या. पण ‘पुढच्या वेळी बाबांना हे दाखवू’ असं ती दर अर्ध्या तासाने म्हणायची, आणि प्रत्येक वेळी आई तिची टोपी नीट करायची.

बाबा २८ला आले. त्याच आठवड्यात शेजारच्या गावची जत्रा होती. तिथे आम्ही सगळे गेलो, आज्जीसुद्धा. आकाशपाळण्यासमोर उभं राहायचं, पैसे द्यायचे आणि बसायचं. आज जमलं नाही तर उद्या. मी बाबांना म्हणालो, “असं पाहिजे.” बाबा हसले. आमचा नंबर यायला तासाहून जास्त वेळ लागला, रांगेत दोनदा भांडणं झाली आणि आम्ही वर असताना वीज गेली. खाली उतरल्यावर बाबा म्हणाले, “आता सांग, कसं पाहिजे?” तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

शाळेत परतल्यावर वादविवाद स्पर्धेचा विषय लागला, ‘आगाऊ आरक्षण हे वरदान आहे’. चिठ्ठीत माझ्या वाट्याला अनुकूल बाजू आली. सगळं हाउस हसलं, कारण तिकिटांची गोष्ट तोपर्यंत सगळ्यांना माहीत झाली होती. नाइलाजाने मी वाचायला बसलो.

सर्वांत जास्त माहिती मिळाली ती डिस्नेच्या पार्कांची. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. पहिला दिवस फक्त निमंत्रितांसाठी होता, पण खोटी तिकिटं घेऊन लोक आत शिरले आणि निमंत्रितांपेक्षा कितीतरी जास्त गर्दी झाली. खाणंपिणं संपलं, पाळणे बंद पडले. किती माणसं येणार हे ठाऊक नसलं की काय होतं, त्याचं हे चांगलं उदाहरण मला मिळालं.

मग २०२० साल आलं. फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड करोनामुळे मार्चमध्ये बंद झालं होतं, ते जुलैमध्ये उघडलं. तिथे चार थीम पार्क आहेत. पूर्वी तिकीट हातात असलं की आज कोणत्या पार्कात जायचं हे सकाळी उठून ठरवता येत असे. आता तिकिटाबरोबर दिवस आणि पार्क यांचं वेगळं आरक्षण करावं लागू लागलं. गर्दी कमी ठेवायची होती, म्हणून लोकांनी ते मान्य केलं. पण साथ ओसरली तरी नियम राहिला. एका पार्कातून दुसऱ्यात जायची सोय जानेवारी २०२१ मध्ये परत आली, तीही दुपारी दोननंतर आणि आधी आरक्षणाच्या पार्कात हजेरी लावली असेल तरच. वर्षभराचा पास घेतलेल्यांनाही मनात आलं म्हणून जाता येईना, आधी जागा शिल्लक आहे का ते बघावं लागे. पाऊस आला, मूल आजारी पडलं, तर दुसऱ्या दिवसाच्या जागा कदाचित भरलेल्या. लोक वैतागले. शेवटी ९ जानेवारी २०२४ पासून तारखेच्या तिकिटावर वेगळं आरक्षण लागेनासं झालं आणि दिवसभरात केव्हाही दुसऱ्या पार्कात जायची मुभा परत मिळाली. म्हणजे साडेतीन वर्षं लागली.

हे वाचून माझी बाजू पक्की होईना. मग एका संध्याकाळी मी आमच्या मेसच्या उस्तादांना विचारलं, रोजचा अंदाज तुम्ही कसा लावता? ते म्हणाले, अंदाज कशाला, सकाळी स्ट्रेंथ मिळते. कोण आउटपासवर, कोण हॉस्पिटलमध्ये, कोण मॅचला, ते वजा करायचं आणि तेवढंच पीठ मळायचं. “आणि आयत्या वेळी दहाजण आले तर?” ते म्हणाले, “दहाजणांचं नेहमी जास्तच असतं. माणूस आहे, उशीर होणारच.”

स्पर्धेत मी हेच बोललो. मोजणी हवी. मोजणी नसली की जत्रेसारखं होतं, धडधाकट माणूस पुढे घुसतो आणि आज्जी मागे राहते. पण मोजणी करणाऱ्याने दहाजणांचं पीठ जास्त मळलं पाहिजे. आपल्या रेल्वेला आपण किती नावं ठेवतो! तरी रेल्वेत वेळेत तिकीट रद्द केलं तर काही रक्कम कापून बाकीची परत मिळते. पूर्ण बर्थ नसला तर आरएसीवर निदान बसायला जागा मिळते. गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज दिला तर पक्कं तिकीट घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नावावर करता येतं. ज्याने हे नियम केले, त्याला माणसांचे बेत बदलतात हे ठाऊक होतं.

तारखेच्या तिकिटात पार्कची चिंता मिटते. उद्या किती माणसं येणार, किती कामगार लागतील, किती जेवण लागेल, हे त्यांना आधी कळतं. पण ती चिंता नाहीशी होत नाही, ती आपल्या घरी येते. ज्याची सुट्टी पक्की आहे त्याला काही फरक पडत नाही, उलट तिकीट स्वस्त मिळतं. ज्याला उद्याचं सांगता येत नाही, तो मात्र दंड भरतो. डॉक्टर, परिचारिका, एसटीचे ड्रायव्हर आणि आपल्यातल्या कितीतरी जणांचे आईबाबा या दुसऱ्या रांगेत आहेत. त्यांना फुकट काही नको. थोडे पैसे कापून घ्या, पण तारीख एकदा बदलू द्या, एवढंच.

परीक्षक म्हणाले, मुद्दे चांगले आहेत, पण तू अर्धा वेळ विरुद्ध बाजूने बोललास. आमचं हाउस हरलं. हाउस मास्टरांनी मला बोलावलं तेव्हा वाटलं रागावणार. त्यांनी फक्त विचारलं, “तुझ्या बाबांचं तिकीट किती रुपयांचं होतं?” मी आकडा सांगितला. ते म्हणाले, “आणि अटी वाचायला किती वेळ लागला असता?” त्यालाही उत्तर नव्हतं. चूक माझीही होती, हे मी घरी अजून कबूल केलेलं नव्हतं. त्या रविवारी फोनवर केलं.

आता बाबांची सुट्टी डिसेंबरमध्ये आहे आणि माझीही. या वेळी बाबा घरात पाऊल ठेवतील तेव्हाच तिकीट काढायचं, महाग पडलं तरी. फरकाचे पैसे मी साठवलेल्या खाऊच्या पैशातून देणार, असं मी बहिणीला पत्रात कळवलं. तिचं उत्तर परवा आलं. मोठ्या अक्षरात एकच ओळ आहे: दादा, आधी अटी वाच.