गाठ काढण्याआधी

माझी लेक झोपेत घोरायची आणि जेवताना म्हणायची, "आई, घशात काहीतरी अडकतंय गं." टॉन्सिल्स असतील म्हणून तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिची जीभ पुढे ओढून टॉर्च मारला आणि मलाही बघायला बोलावलं. जिभेच्या मुळाशी अगदी मधोमध एक लालसर गुळगुळीत गाठ होती, तिच्यावर रक्तवाहिन्यांचं बारीक जाळं. मी कसंबसं विचारलं, "कधी काढायची?"

"ताई, आधी ती कशाची आहे ते बघू." लगेच तुकडा काढून तपासायलाही ते तयार नव्हते, कारण अशा गाठीतून फार रक्त जाऊ शकतं. गाठ दिसली की तुकडा काढतात, एवढंच मला ठाऊक होतं.

मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास थायरॉइड ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होऊ लागते आणि सातव्या आठवड्यापर्यंत मानेत उतरते. क्वचित एखाद्या बाळात ती उतरतच नाही. हिला लिंग्वल थायरॉइड म्हणतात, म्हणजे जिभेवरची थायरॉइड. हा कॅन्सर नव्हे, हे कळल्यावर माझ्या जिवात जीव आला.

सोनोग्राफीत मानेवर प्रोब फिरत राहिला, पण श्वासनळीपुढची जागा रिकामीच. पुढे टेक्नेशियम स्कॅन झाला. हा किंचित किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात आणि थायरॉइड तो ओढून घेते. चित्रात जिभेच्या मुळाशी ठळक ठिपका उमटला, खाली मानेत काहीच नाही. लेकीच्या अंगात होती तेवढी थायरॉइड त्या गाठीतच होती. जिभेवर थायरॉइड असलेल्या बहुतेकांचं असंच असतं.

रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, वाढलेला निघाला. ग्रंथी कमी पडली की मेंदूतली पिट्यूटरी जास्त टीएसएच सोडते आणि त्या रेट्याने गाठ आणखी फुगते. थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची, गोळी दिली की रेटा कमी होतो, गाठ आटोक्यात राहते, आणि मुलीची उंची व बुद्धीची वाढही अडत नाही. गोळी सकाळी अनशापोटी द्यायची, दूध नंतर. दुधातल्या कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही, हेही तेव्हाच कळलं.

श्वास अडला, रक्त येऊ लागलं किंवा गोळीने भागलं नाही, तर शस्त्रक्रिया करावी लागते. पण मुलाच्या जिभेच्या मुळाशी मधोमध गाठ दिसली, तर ती काढायला होकार देण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: मानेत थायरॉइड आहे का?