दोन घड्याळे

आमच्या विद्यार्थिदशेत भूगोल शिकविणारे एक गुरुजी होते. वर्गात येताच ते फळ्यावर वर्तुळ काढीत आणि विचारीत, "मुलांनो, पृथ्वी एका तासात किती अंश फिरते?" आम्ही एका सुरात "पंधरा!" म्हणून उत्तर देत असू. त्या पंधराच्या आधारे देशोदेशींच्या वेळा काढण्याची उदाहरणे त्यांनी इतकी करवून घेतली की, हे गणित आम्हांस झोपेतही चुकणार नाही, अशी आमची समजूत होती. ती किती पोकळ होती, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गुरुजी आता वृद्ध झाले असून अमेरिकेत बॉस्टन येथे मुलाकडे राहतात. आमच्या दहावीच्या मुलांशी त्यांनी संगणकाच्या पडद्यावरून दोन शब्द बोलावेत, अशी विनंती आम्ही सन २०२५च्या ऑक्टोबरात केली. त्यांनी आनंदाने होकार दिला. तेव्हा बॉस्टनचे घड्याळ आपल्याहून साडेनऊ तास मागे होते. त्यावरून आम्ही नोव्हेंबरचा दुसरा शनिवार ठरविला. आपले सायंकाळचे साडेसहा, त्यांचे सकाळचे नऊ.

ठरल्या दिवशी मुले स्वच्छ गणवेश घालून वेळेपूर्वीच येऊन बसली. साडेसहा झाले, सात झाले, पडदा कोराच. अंधार पडला. मुलांस नेण्यास आलेले पालक दारात ताटकळू लागले. सव्वासात वाजता आम्ही सभा मोडली आणि मुलांस म्हणालो, "वयोमानाने गुरुजींस विसर पडला असावा." हे शब्द आज आठवले म्हणजे मान खाली जाते.

रात्री त्यांचे पत्र आले. ते बरोबर नऊ वाजता पडद्यासमोर येऊन बसले होते आणि दहा वाजेपर्यंत वाट पाहत होते. पत्रात रागाचा शब्द नव्हता. उलट त्यांनी लिहिले होते, "गेल्या रविवारी येथील घड्याळे एक तास मागे घेतली. ही गोष्ट मीच तुम्हांस कळवावयास हवी होती."

अमेरिकेतील बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करितात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पूर्ववत् करितात. त्यामुळे बॉस्टनचे अंतर हिवाळ्यात साडेदहा तास होते. आमची बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. परंतु हिशेब सभा ठरविल्या दिवसाचा केला, सभेच्या दिवसाचा नाही. गुरुजी विसरले नव्हते. विसरलो होतो आम्ही.

सोमवारी वर्गात आम्ही आपली चूक मुलांपुढे कबूल केली. तेव्हा गुरुजींनीच पूर्वी सांगितलेली एक गोष्ट आठवली. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईत पुढे कित्येक वर्षे जुनी मुंबईची वेळही चालू होती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. तेव्हा नुसते "सहा वाजता" म्हणून भागत नसे. कोणत्या घड्याळाचे सहा, हेही सांगावे लागे.

पुढील शनिवारची सभा मुलांनीच ठरविली. फळ्यावर दोन्ही गावांची नावे, दोन्हीकडील वार, तारीख व वेळ लिहिली: आपले सायंकाळचे साडेसहा, बॉस्टनचे सकाळचे आठ. तोच मजकूर गुरुजींस पाठवून त्यांच्याकडून पडताळून घेतला. त्या दिवशी पडद्यावर ते दिसले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "मुलांनो, पृथ्वी एका तासात किती अंश फिरते?" मुलांच्या उत्तराने वर्ग दणाणला. त्या सुरात आमचाही आवाज होता.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांचे भाऊबंद आज दूरदेशी आहेत; उद्या तुम्हीही जाल. त्यांच्याशी वेळ ठरविताना त्या दिवशी तेथे किती वाजलेले असतील, हे आधी विचारा. आणि ठरल्या वेळी कोणी आले नाही, तर त्यास दोष देण्यापूर्वी आपला हिशेब पुन्हा एकदा तपासून पाहा.