सुरीची परीक्षा जनावरावर

शिकारीच्या गप्पांत सगळा मान बंदुकीला मिळतो. कुठली रायफल, किती लांबून नेम, वारा कुठून होता, हेच तासभर चालतं. मला विचाराल तर गोळीचं काम क्षणात संपतं. पुढचे दोन-तीन तास सुरीचे असतात आणि मांस घरी धड येणार की नाही हे त्या तासांत ठरतं.

मी सातारा जिल्ह्यातला. बरीच वर्षं अमेरिकेत मोंटाना राज्यात, बोझमनला राहतोय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला आळा घातला आणि ते योग्यच झालं. इथे हरणं नि एल्क मुबलक आहेत. त्यांची संख्या बघून राज्याचं वन्यजीव खातं परवाने देतं. रायफलचा मुख्य हंगाम ऑक्टोबरअखेर सुरू होतो आणि पाच आठवडे चालतो. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा इथे गुन्हा आहे. हा नियम मला मनापासून पटतो. जनावर मारायचं असेल तर त्याचं मांस वाया जाता कामा नये.

एवढ्या थंडीत मांस नासेलच कशाला, असं गावाकडे विचारतात. एल्कचा मोठा नर तीनशे किलोच्या वर भरतो. कातडी जाड, केस आतून पोकळ, त्यामुळे अंगातली ऊब बाहेर पडत नाही. बाहेर उणे दहा असलं तरी मांडीच्या खुब्याजवळचं मांस तासन्‌तास गरम राहतं आणि हाडाकडून आंबायला लागतं. ओझरीतला चारा तर आंबतच असतो, पोट फुगत जातं. म्हणून जनावर पडलं की तिथेच, बर्फात गुडघे टेकून, आतडी-कोथळा बाहेर काढावा लागतो.

माझं बरंचसं काम म्यूल डीअरवर झालंय. हे हरीण ब्रिजर डोंगरात भरपूर आहे. जनावर उताणं करायचं, डोकं चढाच्या बाजूला. पोटाची कातडी चिमटीत उचलून बारीकसा छेद घ्यायचा. मग डाव्या हाताची दोन बोटं आत घालून फाकवायची आणि त्यांच्या बेचक्यात पातं धरायचं, धार वर. बोटं ओझरीला खाली दाबत पुढे सरकतात, मागोमाग पातं कातडी उघडत जातं. टोक जरासं खाली घसरलं तर ओझरी फुटते आणि हिरवट, अर्धवट पचलेला चारा मांसावर सांडतो. इथे पात्याचा आकार फार महत्त्वाचा. कॅलिफोर्नियाचे बॉब लव्हलेस यांनी उतरत्या टोकाची शिकारी सुरी लोकप्रिय केली. त्यात पाठ टोकाकडे हलकेच खाली उतरते, त्यामुळे पातं उलटं धरलं की टोक आतड्यांपासून आपोआप वर राहतं. असं पातं हातात असलं की या पहिल्या चिऱ्याला जीव मुठीत धरावा लागत नाही.

खरी कसोटी त्याच्या पुढे. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कापला की हात कोपरापर्यंत छातीच्या पोकळीत जातो. श्वासनळी चाचपायची, डाव्या हातानं ताणून धरायची आणि उजव्या हातानं तिच्या वर कापायचं. दिसत काहीच नाही. बोटं रक्तानं बुळबुळीत, आणि बाहेर होती तेवढा वेळ थंडीनं बधिर झालेली. त्या वेळी सुरी म्हणजे नुसती मूठ असते. माझ्या सुरीचं पातं नऊ सेंटिमीटरचं आहे. तर्जनी पाठीवर ठेवली की टोक कुठे आहे ते न बघता कळतं. श्वासनळीच्या कूर्चेच्या कड्या धारेखाली एकेक करून तुटताना बोटाला जाणवतात, आणि मग काळीज-फुप्फुसासकट सगळं एका ओढीत बाहेर येतं.

ही सुरी आमच्या भागातल्या एका वयस्कर लोहारानं घडवलीय. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही १९७६ साली स्थापन झालेली संस्था हातघडणीच्या सुऱ्यांसाठी एक परीक्षा घेते. स्वतः घडवलेल्या पात्यानं लोंबता दोर एका घावात तोडायचा, मग लाकडाचे जाड वासे तोडायचे, त्यानंतरही त्याच धारेनं हातावरचे केस उतरले पाहिजेत. शेवटी पातं पकडीत धरून नव्वद अंशांत वाकवायचं, ते मोडता कामा नये. आमचे हे लोहार आजोबा ही परीक्षा पास झालेत, पण त्याचं त्यांना विशेष नाही. पाणी नीट दिलंय एवढंच त्यानं कळतं, सुरी कशी आहे ते एल्क सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

पोलाद ५२१००, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांचं: कार्बन साधारण एक टक्का, क्रोमियम दीड टक्का. ते तेलात विझवतात आणि नंतर दोनशे अंशांच्या आसपास भट्टीत ठेवून त्याचा ठिसूळपणा काढतात. पण मला सगळ्यात भावली ती मूठ ठरवण्याची पद्धत. त्यांनी बादलीभर बर्फाच्या पाण्यात भांड्यांचा साबण ओतला आणि मला हात बुडवून ठेवायला लावला. बोटं वळेनाशी झाली तेव्हा लाकडाची एक कच्ची मूठ हातात दिली आणि ती ओढ, ढकल, फिरव म्हणाले. घसरली तिथे कानशीनं घासली, पुन्हा हात पाण्यात. शिंगाची चकचकीत मूठ त्यांनी नाकारली. कापड आणि राळ दाबून केलेल्या मायकार्टाची, पॉलिश न केलेली मूठ बसवली. ती ओली झाली की हाताला जास्तच धरते.

एल्कवर मात्र दोन सुऱ्या बरोबर नेतो. दुसरी डी-२ पोलादाची, हातानेच केलेली, पण घडवून नव्हे, पट्टी घासून काढलेली. त्यात कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बारा टक्के असतं, त्यामुळे पोलादात कठीण कण पुष्कळ. एल्कच्या केसांत माती नि वाळू भरलेली असते आणि धारेचं वाटोळं तीच करते. कातडी नेहमी आतून बाहेर कापावी, म्हणजे धार केसांतून जात नाही. तरीही दोन मांड्या आणि एक फरा सोलेपर्यंत ५२१०० ची चावण्याची ताकद कमी होते. सिरॅमिकच्या कांडीवर सात-आठ हात मारले की ती परत येते. डी-२ नं अख्खा एल्क धार न लावता सोलला, पण खुब्याच्या हाडाशी तिच्या धारेला बारीक कपचे उडाले. घरी हिऱ्याच्या पट्टीवर ते काढता काढता संध्याकाळ गेली. डोंगरात, अंधार पडत असताना, मला लवकर धार लागणारी सुरी जास्त भरवशाची वाटते. याबाबतीत माझे बरेच सोबती माझ्याशी भांडतात.

भेट मिळालेली दमास्कस सुरीही मी एका हंगामात वापरली. दोन प्रकारचं पोलाद थरावर थर जोडून, तेजाबानं उठवलेली नक्षी. बघत राहावं इतकी देखणी. बिल मोरन यांनी १९७३ साली अशी पाती प्रदर्शनात मांडली तेव्हापासून अमेरिकेत ही कला पुन्हा फोफावली. पण माझ्या सुरीची पाठ पाच मिलिमीटरची होती आणि धारेमागे पातं जाडच राहिलं होतं. कातडीखालच्या पापुद्र्यात पातं नुसतं सरकायला हवं, तिथे ही अडखळायची. नक्षीनं काही बिघडत नाही, पण कापायला तिचा उपयोगही नाही. आजोबांच्या सुरीत धारेमागची जाडी अर्धा मिलिमीटर आहे. चांगली सुरी आणि दिखाऊ सुरी यांतला फरक बहुतेक वेळा तेवढ्याच जागेत असतो.

बदलत्या पात्याच्या सुऱ्या स्वस्त असतात, वस्तऱ्यासारख्या कापतात आणि निव्वळ सोलायला त्या हातघडणीच्या सुरीला मागे टाकतात, हे मान्य करायलाच हवं. पण सांध्यात घालून पिरगाळलं की पातं मोडतं, आणि रक्तामांसात तो तुकडा शोधणं जिवावरचं काम आहे.

मागच्या हंगामात सातारहून मामा आले होते. गावच्या जत्रेत बोकड सोलायला आजही त्यांनाच बोलावणं येतं. गॅरेजमध्ये टांगलेलं हरीण बघून त्यांनी बाह्या सरसावल्या. मी सुरी पुढे केली. अंगठ्याच्या नखावर धार टेकवून त्यांनी पातं तिरकं केलं, मूठ दोनदा हातात फिरवली.

"कुणी केली रं ही?"

"इथल्याच एका लोहारानं, मामा. तुम्ही चालवून तर बघा."

एक मांडी त्यांनी स्नायूच्या शिवणी धरत हाडापासून मोकळी केली, कुठे घाव नाही की ओढाताण नाही. मग म्हणाले, "ह्या माणसानं सवता जनावरं सोलल्यात. नुसत्या लोहाराला हे सुचायचं न्हाई."

मुंडीचा भेजा काढायचा त्यांचा विचार मात्र मला मोडावा लागला. हरणांत मेंदूचा एक जीवघेणा रोग पसरतोय, मोंटानाच्या रानात तो २०१७ साली पहिल्यांदा आढळला. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, तरी मेंदू आणि पाठीचा कणा खाऊ नये, कापूही नये, असं इथलं खातं सांगतं. मामा हळहळले, पण ऐकलं.

दोन दिवसांनी त्यांना आजोबांकडे घेऊन गेलो. मी मधे दुभाषा. मामांना बोकडासाठी मोठी सुरी हवी होती. सातारच्या पावसाळ्याचं ऐकून आजोबांनी ५२१०० ला गंज चढेल म्हणून एईबी-एल सुचवलं, ते वस्तऱ्याच्या पात्यांसाठी निघालेलं न गंजणारं पोलाद. मामांनी मान हलवली. "खोबरेल लावीन म्हणावं रोज. पर ह्येच पोलाद पायजे."

पातं पंधरा सेंटिमीटरचं ठरलंय, पाठ तीन मिलिमीटर, मूठ शेवटाला जरा खाली वळलेली. हंगामात आजोबा भट्टी पेटवत नाहीत, त्यामुळे सुरी उन्हाळ्यात मिळेल.