पुण्याचा हिशेब आणि ब्रेकचें तेल

दान करावयास निघालेल्या मनुष्याच्या अंगीं एक सूक्ष्म अहंकार शिरतो. शिरतांना तो दिसत नाहीं. पुढें कोठें तरी ठेंच लागली म्हणजे एवढा वेळ आपण कोणाच्या सोबतीनें चाललों होतों हें ध्यानीं येतें. आमच्या ताम्हिणीच्या घाटांत मला जी ठेंच लागली तिची ही हकीकत आहे. ती सांगण्यांत माझी कांहीं शोभा नाहीं. परंतु पुष्कळ घरांतून एखादी जुनी वस्तु आणि तिच्याबरोबर एखादा जुना संकल्प धूळ खात पडलेला असतो, म्हणून सांगतों.

आमच्या घरीं एक प्रीमिअर पद्मिनी मोटार आहे. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर मोटारी तयार होऊं लागल्या, आणि त्यांपैकीं एका मोटारीला पुढें १९७० नंतर पद्मिनी हें नांव मिळालें. १०८९ घन सेंटिमीटरांचें चार सिलिंडरांचें इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर, असें तिचें साधें रूप. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. वीस वर्षांची मुदत संपून तिच्यांतील शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निघाली, तेव्हां वर्तमानपत्रांतून तिच्यावर मृत्युलेखासारखे लेख आले होते.

आमची मोटार माझ्या वडील बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, १९८८ सालीं घेतली. ती घरची म्हणून घेतली खरी, पण ती गांवाचीच झाली. अडलेली बाळंतीण असो, साप चावलेला गडी असो, मध्यरात्रीं दाराची कडी वाजली कीं दादा धोतराचा काचा मारून उठत आणि गाडी पौडच्या वाटेला लागे. २०१९ सालीं दादा गेले. गाडीवर ताडपत्री पडली, ताडपत्रीवर फणसाचीं पानें पडलीं, आणि आंत उंदरांनीं संसार थाटला.

२०२१ च्या जुलैच्या २२ तारखेस महाड पाण्याखालीं गेलें आणि त्याच दिवशीं तळिये गांवावर डोंगर कोसळला. त्यानंतर कित्येक दिवस पुण्याकडून कोंकणांत उतरणाऱ्या मदतीच्या गाड्या आमच्या दारावरून जात होत्या. त्यांत तांदूळ होते, सतरंज्या होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या. वहिनी ओट्यावर बसून पाहत होत्या. त्या कधीं कोणाला टाकून बोलावयाच्या नाहींत, पण त्या दिवशीं म्हणाल्या, "हे असते तर आपलीही गाडी आज गेली असती." मी शेजारींच उभा होतों. हें वाक्य मला उद्देशून नव्हतें, म्हणूनच तें अधिक लागलें.

तरीही गाडी हलावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. निमित्त वहिनींच्याच इच्छेचें झालें. बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठीं आनंदवन वसविलें; पुढें १९७३ सालीं भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें माडिया गोंडांच्या सेवेसाठीं लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. दादा दरवर्षीं वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशीं आनंदवनास मनीऑर्डर पाठवीत. एकदां जाऊन पाहूं, असें तीस वर्षें म्हणत राहिले आणि गेले. वहिनी म्हणाल्या, "यंदा आपण जाऊं. ह्यांच्या गाडीनें जाऊं. जें द्यायचें तें हातानें देऊं." मी उत्साहानें होकार दिला. घरांत व गांवांत वर्गणी जमविण्याचें मीं अंगावर घेतलें आणि लाल कापडाची बांधणी असलेली एक वही घातली.

पुतण्यानें मात्र जेवतांना सरळ प्रश्न विचारला. "काका, हजार किलोमीटर जायचं आणि तितकंच परत यायचं. पेट्रोल, दुरुस्ती, वाटेंतला मुक्काम, सगळा खर्च धरा. तेवढे पैसे बँकेंतून पाठवले तर त्या लोकांना जास्त पोचतील. गाडीही विकून टाका, तेही पैसे पाठवा. मग दान झालं. हें आपण चाललों आहों ती हौस." ताटांवर क्षणभर शांतता पसरली. मीं मास्तरकीच्या संवयीनें गीतेच्या सतराव्या अध्यायाचा आधार काढला. सात्त्विक दानास देश, काल आणि पात्र यांचा विचार सांगितला आहे, वगैरे. पुतण्या म्हणाला, "त्यांत मोटारीचा विचार आहे का?" सूनबाई पदराआड हंसल्या. मी रागावलों. खरें सांगावयाचें तर रागावण्याचें कारण एवढेंच होतें कीं त्याच्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें.

गाडी पौडच्या एका वृद्ध मिस्त्रींनीं हातीं घेतली. दादांच्या वेळेपासून ते तिला ओळखतात. त्यांची पहिली आज्ञा अशी कीं कोणीं स्टार्टरला हात लावूं नये. फार दिवस उभ्या राहिलेल्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात. एकदम फिरविल्यास चरे पडतात. त्यांनीं चारी प्लग काढून भोंकांतून थोडें थोडें तेल सोडलें, दोन दिवस तें मुरूं दिलें, आणि मग गाडी चौथ्या गिअरमध्यें घालून आम्हां सर्वांकडून हळूहळू पुढेंमागें ढकलविली. इंजिन मोकळें फिरतें अशी खात्री झाल्यावर त्यांनीं जुनें ऑइल सोडून नवें भरलें.

पेट्रोलची टांकी उतरविली तेव्हां तिच्यांतून गंज आणि वार्निशासारखा चिकट गाळ निघाला. कार्ब्युरेटरचीं बारीक छिद्रें त्याच गाळानें बुजलीं होतीं. रबरी नळ्या सगळ्या बदलाव्या लागल्या. हल्लीं पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें आणि जुन्या काळचें रबर त्यास टिकत नाहीं, फुगतें व चिरतें. म्हणून त्याला पुरून उरणाऱ्या नळ्या मागविल्या. उंदरांनीं कुरतडलेल्या तारा नव्या झाल्या. रेडिएटर धुवून घेतला, फॅन बेल्ट बदलला, पॉइंट घासून त्यांतील अंतर पुन्हां बसविलें, मागच्या पाट्यांना ग्रीस दिलें. टायरांवरची नक्षी शाबूत दिसत होती, म्हणून मी तेच ठेवूं म्हणालों. तेव्हां मिस्त्रींनीं टायरच्या कडेवरचे चार आंकडे दाखविले. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. आमचे टायर २०१४ चे निघाले. "गुरुजी, टायर झिजून मरतो तसा वयानंही मरतो," ते म्हणाले. मी निमूटपणें पांच टायर घेतले. पंधरा वर्षांवरील गाडीस तपासणी करून पांच पांच वर्षांसाठीं पुन्हां नोंदणी घ्यावी लागते व पर्यावरण-कर भरावा लागतो, तेंही झालें.

खर्चाचा आंकडा चढत होता आणि पुतण्याचें वाक्य मनांत घुमत होतें. शेवटीं मिस्त्री म्हणाले, "आतां ब्रेक उघडूं. चारी चाकांचीं रबरं, लायनर, आणि तेल सगळं नवं." त्यांनीं खर्च तीन हजार चारशें रुपये सांगितला. मीं पायानें ब्रेक दाबून पाहिला. चांगला घट्ट लागला. "लागतो आहे कीं! परत आल्यावर पाहूं," मीं म्हटलें. मिस्त्रींनीं दोनदां सांगितलें, मीं दोनदां नाहीं म्हटलें. त्या रात्रीं लाल वहींत आनंदवनाच्या नांवापुढें मीं स्वतःच्या हातानें लिहिलें: 'काटकसरींतून अधिक, रु. ३,४००.' तें लिहितांना मला जें समाधान वाटलें तें आज आठवलें कीं मान खालीं जाते.

दुसऱ्या दिवशीं चांचणीसाठीं गाडी घाटानें विळ्याकडे उतरविण्याचें ठरविलें. पुतण्याचा बारा वर्षांचा मुलगा हट्टानें शेजारीं बसला. पाऊस ओसरलेला, कडे अजून हिरवे, आणि इतक्या वर्षांनीं दादांच्या गाडीचा तो आवाज! मी तिला चौथ्या गिअरमध्यें सोडून सारा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतों. थोड्या वेळानें जळल्यासारखा वास आला. मग ब्रेक मऊ लागूं लागला. आणि एका वळणाच्या तोंडाशीं मीं पाय दाबला तो थेट तळाला जाऊन टेंकला; गाडीचा वेग मात्र तसाच राहिला.

उजव्या हातास दरी होती. मुलगा खिडकींतून माकडें पाहत होता. मीं दांडा ओढून गिअर दुसऱ्यांत घातला, इंजिन किंचाळलें, हातब्रेक खेंचला आणि गाडी डावीकडे डोंगराच्या अंगाला घातली. पुढचें चाक गटारांत उतरलें आणि धक्क्यासरशी गाडी थांबली. मुलाच्या कपाळास टेंगूळ आलें. त्यानें तें चोळीत विचारलें, "आजोबा, आपल्याला इथंच थांबायचं होतं का?" मला उत्तर देतां येईना. माझे दोन्ही हात चाकावर थरथरत होते.

वीस-पंचवीस मिनिटांनीं ब्रेक दाबून पाहिला तर तो पुन्हां पूर्वीसारखा घट्ट! या गोष्टीचें मला अपघातापेक्षांही अधिक भय वाटलें. मिस्त्री येऊन त्यांनीं उलगडा केला. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. वर्षानुवर्षें बदललें नाहीं तर त्यांत पाणी मुरत जातें. आणि आमचें हें गांव तर असें कीं २०२४ च्या जुलैंत येथें एका दिवसांत पांचशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला. उतारावर ब्रेक सारखा दाबून ठेवला म्हणजे ड्रम तापतात, तेलांतलें पाणी उकळतें आणि वाफ होते. "तेल दाबलं जात नाहीं, म्हणून जोर चाकाला पोचतो. वाफ दाबली जाते. जोर तिच्यांतच जिरतो. थंड झालं कीं वाफेचं परत पाणी, आणि ब्रेक परत घट्ट. अंगणांत उभ्या गाडींत हें कळत नाहीं, गुरुजी, घाटांतच कळतं. आणि ज्या गिअरवर घाट चढायचा त्याच गिअरवर उतरायचा, हें दादांना कधीं सांगावं लागलं नाहीं." मला रागें भरण्याचा त्यांचा अधिकार होता, पण ते रागावले नाहींत. गाडी दोराला बांधून घेऊन गेले.

घरीं येऊन मीं सर्वांसमक्ष खरें तें सांगितलें: मिस्त्रींचा सल्ला, माझा नकार आणि वहींतील ती ओळ. पुतण्या एक शब्दही बोलला नाहीं. मुलाला जवळ घेऊन बसला. वहिनींनीं त्याच्या कपाळास आंबेहळद लावली आणि मग शांतपणें म्हणाल्या, "भाऊजी, हे कोणालाही गाडींत घेण्याआधीं ब्रेक बघत. तुम्ही आधीं हिशेब बघितलात."

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. मीं दुसऱ्याच्या जिवाच्या मोलानें आपल्या दानांत भर घातली होती, आणि तीही पुतण्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून! देश, काल, पात्र यांचीं प्रवचनें मीं जन्मभर केलीं. परंतु देणाऱ्यानें प्रथम आपल्या पदरचें द्यावें, इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानांत राहिली नाहीं. पुतण्याचें म्हणणें निम्में खरें होतें. गाडीचा खर्च म्हणजे दान नव्हे. तो आमच्या यात्रेचा खर्च, आणि यात्रेचा खर्च यात्रेकरूनें सोसावा.

सकाळीं मीं लाल वहींतील ती ओळ खोडली. जमलेली सर्व वर्गणी, एक पैही न वगळतां, त्याच दिवशीं पुतण्याच्या हातून बँकेमार्फत आनंदवन आणि हेमलकसा यांस पाठविली. गाडीसाठीं वेगळी वही घातली. तिचा सारा भार माझ्या निवृत्तिवेतनावर. जुने कपडे, भांडीं वगैरे गाडींत कोंबून न्यावयाचीं हा माझा बेतही रद्द केला. तेथें काय हवें हें विचारल्यावांचून कांहीं न्यावयाचें नाहीं असें ठरलें. पुतण्या सर्व ऐकून घेऊन म्हणाला, "आतां मी गाडी चालवायला येतों. एकट्यानं तुम्हांला सोडणार नाहीं."

मग जाण्याचें प्रयोजन तरी काय, असें कोणी विचारील. पैसे तर गाडीच्या आधींच पोंचले. प्रयोजन एवढेंच कीं, ज्यांना तीस वर्षें आम्ही मनीऑर्डरीच्या कागदावर ओळखलें, त्यांच्या दारीं एकदां जाऊन बसावें. मुळशीच्या मुलुखांतील माणसाला याचें मोल कळावें. १९२१ सालीं धरणाविरुद्ध येथें सत्याग्रह उभा राहिला, सेनापति बापट त्याचे पुढारी झाले, तरी गांवें पाण्याखालीं गेलींच. मुंबईला वीज मिळाली. दूरच्या माणसाचें दुःख कोणी येऊन पाहिलें नाहीं म्हणजे काय होतें, हें आमच्या वडिलधाऱ्यांनीं आम्हांला सांगितलें आहे.

ब्रेक आतां संपूर्ण नवे झाले आहेत. नगर, संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, यवतमाळ, वणी या जुन्या रस्त्यानें वरोरा, आणि तेथून चंद्रपूर, आलापल्लीवरून हेमलकसा, असा मार्ग आंखला आहे. समृद्धि महामार्गावरील वेग आमच्या म्हातारीला मानवणारा नाहीं. दिवसास दोनशें किलोमीटरांहून अधिक जावयाचें नाहीं, दुपारीं इंजिन निववावयाचें, आणि पेट्रोलच्या पंपावर टाकावयास एक ओलें फडकें जवळ ठेवावयाचें. तापलेल्या नळींत पेट्रोलची वाफ अडली कीं गाडी बंद पडते, त्यावर हा दादांचा उपाय. परत आल्यावर गाडीवर ताडपत्री घालावयाची नाहीं, असेंही ठरलें आहे. गांवांत रात्रीं कोणाच्या दाराची कडी वाजेल तें सांगतां येत नाहीं.

उद्यां पहांटे निघावयाचें. आज संध्याकाळीं वहिनींनीं गाडीला हळदकुंकू लावलें. टेंगूळ बरें झालेला आमचा नातू आंत बसून, जीभ बाहेर काढून, दोन्ही पायांनीं ब्रेक दाबून पाहत होता. मीं त्याला थांबविलें नाहीं.