एकाच हॉप्सची बिअर

बिअरचा कडवटपणा जवाचा नसून हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा असतो, हे मला साठी उलटल्यावर कळले. आमच्या घरात पेल्याविषयी कुतूहल दाखविण्याची रीतच नव्हती. थोरल्या भावाला दारूने चाळिशीतच नेले. त्यानंतर आईने तो विषय कायमचा उंबरठ्याबाहेर ठेवला. म्हणूनच ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे राहणारे आमचे चिरंजीव घरी बिअर करतात हे ऐकून, गेल्या वर्षी त्यांच्याकडे जाताना मन जड झाले होते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक दिली आहे. एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन, विक्री मात्र नाही. पण कायद्याने बापाची काळजी थोडीच मिटते!

मुलाने वाद घातला नाही. त्याने तीन लहान पेले मांडले. एकाच माल्टचा गोड काढा करून त्याचे तीन वाटे केलेले, यीस्ट एकच, उकळण्याचा वेळ एकच. बदलले होते ते फक्त हॉप्स. फुले तासभर उकळली की कडवटपणा उतरतो, पण सुगंधी तेले उडून जातात. म्हणून वासासाठी तीच फुले शेवटच्या काही मिनिटांत पुन्हा घालायची. चहात वेलची केव्हा टाकावी हे जाणणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगायला नको. सिट्रा जातीत कडू द्रव्य सुमारे १२ टक्के, तर साझमध्ये तीन-चारच. म्हणून कडवटपणासाठी सिट्राची फुले त्याने साझच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने घेतली होती.

“पपा, आधी नुसता वास घ्या,” तो म्हणाला.

पहिला पेला साझचा. ही जात बोहेमियातील झाटेक परिसराची. तेथील हॉप्सच्या मळ्यांना २०२३ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. वास सौम्य, वाळत घातलेल्या पेंढ्यासारखा, मागून किंचित मिरी. दुसरा कॅस्केडचा. पोर्टलंडच्या दक्षिणेस कोर्व्हॅलिस येथे तयार होऊन १९७२ मध्ये प्रसृत झालेली ही जात. पेला नाकाशी नेताच मी म्हणालो, “पपनस!” वसईच्या आमच्या वाडीत विहिरीपाशी ते झाड होते, जाड साल सोलताना बोटांना लागे तोच हा वास. मुलाच्या वहीत तेथे ‘ग्रेपफ्रूट’ लिहिलेले होते. ते फळही पपनसाच्याच वंशातले, तेव्हा दोघांचेही बरोबर. तिसरा सिट्रा: ईडलिंबू, लिची, पिकलेला आंबा, सारे एकदमच. पहिला घोट मोहक, तिसऱ्यापर्यंत जीभ थकते. अशी बिअर अभ्यासाला उत्तम, जेवणाबरोबर मला नको.

बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड यांनी हॉप्सबद्दल लिहून ठेवले आहे: याचा कडवटपणा पेयाला नासण्यापासून राखतो, पण माणसाची उदासीनता वाढवतो. मी हे सांगितले तेव्हा मुलगा हसला नाही. “काकांचं मला माहीत आहे,” एवढेच म्हणाला. भावाला मी कधी पेल्याचा वास घेताना पाहिले नव्हते. तो डोळे मिटून एका दमात रिचवी. येथे तासाभरात आम्ही दोघांनी मिळून एक बाटलीही संपवली नव्हती, आणि पाव मात्र अर्धा संपला होता.

पुढच्या खेपेस कडवटपणासाठी साझ आणि शेवटी थोडे कॅस्केड, असे ठरले. वहीत ग्रेपफ्रूट खोडून त्याने पपनस लिहिले, तेही ऱ्हस्व-दीर्घ विचारून.